पुराचे वेळीं नावेचें यंत्र : विजेचे दोष कसे शोधावे

कृष्णा, वारणा व पंचगंगा यांचे कांठीं राहणाऱ्या कृषक बंधूंना सन २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांची आठवण करून देण्याचें कारण नाहीं. मळ्यांत अडकलेल्या माणसांस बाहेर काढण्यास अशा वेळीं नावेचे मागें लावावयाचें पेट्रोलचें यंत्र, म्हणजे आउटबोर्ड मोटार, फार उपयोगीं पडतें. परंतु वर्षांतील बहुतेक महिने तें कोठारांत पडून असतें, आणि नेमकें गरजेचे दिवशीं चालू होत नाहीं. तेव्हां दिसेल तो स्क्रू सोडवीत बसण्यापेक्षां क्रमानें तपासणें श्रेयस्कर. हद्दीच्या तंट्यांत मोजणीदार जसा पक्क्या खुणेपासून मोजीत जातो, तद्वत येथेंही चालावें.

या यंत्रांत विजेचे दोन मार्ग असतात. एक बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणारा. दुसरा पेट्रोल पेटविणाऱ्या ठिणगीचा. लहान यंत्रांत ठिणगीची वीज बहुधा फिरत्या चाकांतील लोहचुंबकांमुळें उत्पन्न होते. तीस बॅटरी लागत नाहीं. असलें यंत्र बॅटरी मेली तरी दोरी ओढून चालू करतां येतें. सबब यंत्र फिरतच नसेल तर दोष पहिल्या मार्गांत पाहावा. फिरून पेटत नसेल तर दुसऱ्यांत.

हत्यार हातीं घेण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. चालकाचे मनगटास बांधावयाच्या दोरीचा चाप कळीवर नीट बसलेला नसेल तर ठिणगी पडत नाहीं. तसेंच गिअर न्यूट्रलमध्यें नसेल तर स्टार्टर फिरत नाहीं.

नंतर बॅटरी. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विसांव्यांत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरवितांना हा आंकडा दहाचे बराच खालीं गेल्यास बॅटरी अशक्त समजावी. आंकडा चांगला असूनही नुसता 'टक्' आवाज होत असेल तर टोकें पाहावीं. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें घासून, कोरडीं करून घट्ट आवळावीं व वर व्हॅसलीन लावावें. फ्यूज जळला असल्यास तितक्याच अँपिअरचा दुसरा घालावा. तेथें तार गुंडाळणें म्हणजे आगीस आमंत्रण होय.

यंत्र फिरून पेटत नसेल तर प्लग काढून त्याचे टोपींत बसवावा, त्याचा धातूचा भाग यंत्राचे अंगास टेकवून यंत्र फिरवावें व निळी ठिणगी पडते काय तें पाहावें. प्लग उघड्या हातानें धरूं नये, व जवळपास सांडलेलें पेट्रोल किंवा त्याची वाफ नसावी. ठिणगी जोरदार असल्यास विजेचा दोष नसून पेट्रोलकडे लक्ष द्यावें. जुनें पेट्रोल व त्यांत शिरलेलें पाणी हीं नेहमींचीं कारणें. ठिणगी नसल्यास प्रथम नवा प्लग लावून पाहावा. तरीही न पडल्यास यंत्र बंद करण्याच्या कळीची तार तेवढ्यापुरती सोडून पुन्हां पाहावें. आतां ठिणगी आली तर दोष त्या कळींत किंवा तिचे तारेंत आहे असें ठरलें. मात्र ती तार सुटी ठेवून नाव पाण्यांत कदापि नेऊं नये. चालक पडल्यास यंत्र थांबणार नाहीं.

चालू यंत्रावर बॅटरी साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दाखवीत नसेल तर भरणा होत नाहीं असें समजून कारागिरास दाखवावें. यंत्र चालू असतां बॅटरीच्या तारा काढूं नयेत, व धन-ऋण टोकांची अदलाबदल होऊं देऊं नये.

हें सर्व पाणी चढल्यावर करावयाचें काम नव्हे. भर प्रवाहांत यंत्र बंद पडलें तर नाव झाडावर किंवा पुलाचे खांबावर आदळते, आणि आंत माणसें असतात. म्हणून ज्येष्ठ लागतांच, व पुढें पावसाळा संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनीं, यंत्र मोकळ्या जागीं पाण्यानें भरलेल्या पिंपांत बसवून दहा मिनिटें चालवावें. कोरडें चालविल्यास आंतील पाण्याचा पंप जळतो. नावेंत दोन प्लग, चार फ्यूज, पाना व वल्हीं सदैव असावींत. ज्या गांवीं हा नेम पाळला जाईल, तेथें पुराचे रात्रीं यंत्राची वाट पाहण्याची पाळी सहसा येणार नाहीं.