न दुखणारें दुखणें

आजाराला मराठींत ‘दुखणें’ म्हणतात. शब्द जुना आणि घरगुती आहे; पण त्यांत एक फसगत लपलेली आहे. जें दुखत नाहीं तें दुखणें नव्हे, असा सोयीचा अर्थ माणूस त्यांतून काढतो. स्तनांतील लहानशी गांठ, तोंडांतील पांढरा किंवा लाल चट्टा, ऋतुनिवृत्तीनंतर अवचित झालेला रक्तस्राव हीं कर्करोगाचीं आरंभींचीं चिन्हें असूं शकतात. आणि तीं बहुधा वेदना देत नाहींत. वेदना सुरू होते तेव्हां पुष्कळदां रोग बराच पसरलेला असतो. आपल्या गल्लींत वा गांवांत या रोगाविषयीं जागृति करूं इच्छिणाऱ्या स्वयंसेवकाला पहिल्यानें हीच समजूत मोडावी लागते.

वैद्यकशास्त्राचा गंध नसलेल्या माणसाच्या सांगण्यानें काय होणार, असा प्रश्न कित्येक श्रोत्यांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर महाराष्ट्रांतच मिळालें आहे. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ सालीं ग्रामीण कर्करोग्यांची नोंद ठेवण्याचें काम सुरू झालें. खेड्यांतील रोगी आपण होऊन क्वचितच इस्पितळाची पायरी चढत. म्हणून कार्यकर्तेच गांवोगांव हिंडूं लागले. ते ग्रामस्थांना लक्षणें समजावून देत आणि संशयित रोग्यांना तपासणीस येण्यास उद्युक्त करीत. कांहीं वर्षांतच असें दिसून आलें कीं, गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षां लवकरच्या अवस्थेंत उपचारांस येऊं लागल्या आहेत.

परंतु नुसत्या सांगण्याला मर्यादा आहे, हें मुंबईच्या एका प्रयोगानें दाखविलें. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं १९९८ मध्यें झोपडवस्त्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांमध्यें तो आरंभिला. एका गटाला कर्करोगाची माहिती देण्यांत आली. दुसऱ्या गटाला माहितीबरोबरच दर दोन वर्षांनीं, अशी चार वेळां, राहत्या वस्तींत तपासणीही मिळाली. तपासणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या असून त्यांना कांहीं आठवड्यांचें शिक्षण दिलेलें होतें. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्यें असतें तेंच आम्ल, लावावयाचें व मिनिटभर थांबावयाचें. विकृत भाग असल्यास तो पांढरा दिसूं लागतो. पांढरा डाग म्हणजे कर्करोगच असें नाहीं. म्हणून अशा स्त्रियांना पुढील तपासणीसाठीं रुग्णालयांत पाठवीत. २०१३ सालीं निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटांत या रोगानें होणारे मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी होते. दुसऱ्या गटाला तपासणीवांचून ठेवणें न्याय्य होतें काय, अशी टीकाही पुढें झाली, आणि ती विचार करण्याजोगी आहे. ज्या स्त्रियांना केवळ शब्द मिळाला त्यांच्यांत मृत्यु अधिक झाले, ही गोष्ट कोणाही प्रचारकानें विसरूं नये.

यावरून स्वयंसेवकाचें खरें काम व्याख्यान संपल्यावर सुरू होतें, हें उघड आहे. स्त्रीला माहिती पटते. पण पोरें कोणापाशीं ठेवावीं, दिवसाची मजुरी कोण भरून देणार, सासूबाईंना काय सांगावें, रुग्णालयांत कोणत्या खिडकीपाशीं उभें राहावें, या प्रश्नांपाशीं तिचें पाऊल अडतें. तेथें तपासणीचा दिवस ठरविणारें, नवऱ्याची व सासूची समजूत घालणारें आणि बरोबर चालणारें कोणी तरी लागतें. आठ दिवसांनीं पुन्हां दार ठोठावून ‘काय झालें?’ असें विचारणारेंही लागतें.

या कामाला पथ्येंही आहेत. रोगाचें निदान डॉक्टरांनीं करावयाचें. स्वयंसेवकानें ‘हा कर्करोगच’ असेंही म्हणूं नये, आणि ‘कांहीं नाहीं हो’ असा खोटा धीरही देऊं नये. तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्याला चारचौघांत रागें भरूं नये. रागावलेला माणूस तोंड उघडून दाखवीत नाहीं. एकाचें दुखणें दुसऱ्याच्या ओसरीवर नेऊं नये. एकदां विश्वास गेला कीं सारी आळी मुकी होते.

तोंडांतील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून येत नसेल, किंवा स्तनांत नवी गांठ हाताला लागली असेल, तर ‘दुखतें का?’ हा प्रश्न गैरलागू आहे. ‘किती दिवसांपासून आहे?’ हा खरा प्रश्न. तो विचारण्याची संवय घराघरांत लागली, आणि उत्तर ऐकतांच वहाणा पायांत घालून बरोबर निघणारा एक शेजारी प्रत्येक आळींत निघाला, तर कित्येक संसार वेळींच सांवरले जातील.