नीलगिरीची वाट : भाड्याची मोटार की दातेरी रूळ?

परीक्षा संपल्या, की बंगळूरुमधील मराठी घरांतून एक जुनाच वाद दरवर्षी नव्याने रंगतो. सुटीत उटीला जावे, याविषयी एकमत असते. मात्र मोटारीने जावे की आगगाडीने, या प्रश्नावर घरात दोन पक्ष पडतात. आमच्या घरी मोटारीचा पक्ष माझा व मुलांचा, तर आगगाडीचा पक्ष एकट्या आईचा. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिची मागणी एवढीच होती, "ती डोंगर चढणारी गाडी एकदा बघायची राहिली आहे रे!" गतवर्षी बहुमताने मोटारीचा पक्ष जिंकला. त्या विजयाची किंमत किती पडली, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

स्वस्त सौद्याचा महाग धडा

ओळखीतल्या एकाची खासगी मोटार टॅक्सीपेक्षा तीन हजार रुपयांनी स्वस्तात मिळाली. गुडलूरच्या पुढे घाटात समोरून येणाऱ्या बसला वाट देताना मोटार मागे घेतली आणि ती कठड्यावर आदळली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पण मागचे दार व दिवा निकामी झाला. विम्याचा दावा नामंजूर झाला, कारण पॉलिसी खासगी वापराची होती आणि मोटार भाड्याने दिलेली होती. दुरुस्तीचे बावीस हजार रुपये अर्थातच माझ्या खिशातून गेले. त्याहून मोठे नुकसान निराळेच होते. वळणावळणाने आईला उलट्यांनी हैराण केले आणि पुढील दोन दिवस ती खोलीतच पडून राहिली.

वाचकहो, मोटार ठरवताना प्रथम तिची पाटी पाहावी. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या मोटारीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढरी पाटी खासगी वापराची. तिच्यावर भाडे देणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय प्रसंगी विम्याचे छत्रही डोक्यावरून उडते.

न धावलेल्या किलोमीटरांचे पैसे

बंगळूरुहून म्हैसूरमार्गे उटी सुमारे २८० किलोमीटर. बाहेरगावच्या टॅक्सीचे भाडे बहुधा रोजच्या किमान किलोमीटरवर आकारले जाते. समजा, दर किलोमीटरला १५ रुपये आणि रोजचे किमान २५० किलोमीटर ठरले. चार दिवसांच्या सहलीत जाण्यायेण्याचे ५६० आणि उटीतील फिरण्याचे १२० असे ६८० किलोमीटर मोटार धावेल. देयक मात्र १,००० किलोमीटरांचे, म्हणजे १५,००० रुपयांचे येईल. न धावलेल्या ३२० किलोमीटरांपोटी ४,८०० रुपये गेले! चालकाचा भत्ता, पथकर आणि तमिळनाडूचा प्रवेशकर निराळाच. तथापि माणसे सहा-सात असतील, तर हाच खर्च माणशी विभागून सुसह्य होतो, हेही खरे.

काही बंधनेही ध्यानात ठेवावीत. बंदीपूरच्या अभयारण्यातील रस्ता खासगी वाहनांना रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून नीलगिरीत जाणाऱ्या पर्यटक वाहनांना ई-पास आवश्यक झाला. २०२५ मध्ये एप्रिल ते जून या काळासाठी दिवसाला ६,००० व शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची मर्यादाही घालण्यात आली. सरकारी बस व रेल्वेचे प्रवासी या बंधनातून मुक्त राहिले. निघण्यापूर्वी चालू नियम पाहून घेणे इष्ट.

दातेरी रुळाची करामत

म्हैसूरहून उटीला लोहमार्ग नाही. म्हणून आगगाडीने जाणाऱ्याने कोइंबतूरची वाट धरावी. बंगळूरु कँटोनमेंटहून ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत सुमारे साडेसहा तासांत कोइंबतूरला पोहोचवते. तिथून मेट्टुपाळयम सुमारे ३५ किलोमीटर. रात्री तेथे मुक्काम करून सकाळी सातच्या सुमारास निघणारी नीलगिरीची गाडी धरावी.

हा ४६ किलोमीटरांचा मीटरगेज मार्ग कुन्नूरपर्यंत १८९९ मध्ये आणि उटीपर्यंत १९०८ मध्ये पोहोचला. १६ बोगदे, २५० पूल व २०८ वळणे पार करीत ही गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५ मीटरांवरून २,२०० मीटरांवर नेते. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात चढ इतका तीव्र, की दर बारा मीटरांमागे सुमारे एक मीटर उंची वाढते. नुसत्या चाकांना तेथे पकड मिळणार नाही. म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि इंजिनाचे दातेरी चक्र तिच्यात अडकून गाडी चढते. ही पद्धत रोमान आप्ट या स्विस अभियंत्याची, आणि येथील जुनी वाफेची इंजिनेही स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यात घडलेली. २००५ मध्ये युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

अडचणीही आहेत. आसने मोजकी असल्याने आरक्षण खुले होताच, म्हणजे साठ दिवस आधी, करावे लागते. चढायला सुमारे पाच तास लागतात आणि डब्यांत स्वच्छतागृह नाही. ईशान्य मोसमी पावसात दरडी कोसळून गाडी वारंवार रद्द होते.

आल्प्समध्येही तोच प्रश्न

बंगळूरुच्या संगणक क्षेत्रातील अनेक मराठी कुटुंबे आज स्वित्झर्लंडला सुटीवर जातात. तेथेही हाच पेच पडतो. मोटारीसाठी महामार्गाचा ४० फ्रँकचा वार्षिक परवाना लागतो. शिवाय भाडे देणारी कंपनी क्रेडिट कार्डावर अनामत रोखून ठेवते, त्यामुळे कार्डाची मर्यादा आधी तपासावी. उलट सोळा वर्षांखालील मुले फॅमिली कार्डावर आईवडिलांसोबत रेल्वेने विनामूल्य प्रवास करतात. त्सेरमाटला तर मोटारीला प्रवेशच नाही. ती ५ किलोमीटर अलीकडे टेश येथे सोडून गाडीनेच जावे लागते. आपल्या माथेरानला दस्तुरी नाक्यावर मोटार सोडावी लागते, तशीच ही रीत!

आमचा तोडगा

यंदा आम्ही मध्यममार्ग पत्करला. डोंगर चढण्या-उतरण्यासाठी दातेरी गाडी आणि उटीत फिरण्यासाठी एक दिवस स्थानिक टॅक्सी. मेट्टुपाळयमला आईला खिडकीची जागा दिली. गाडी सुटली तरी पुढे इंजिन दिसेना, म्हणून तिने विचारले. मी म्हटले, "आई, चढावर इंजिन मागे असते. ते गाडीला ढकलते."

ती क्षणभर थांबून म्हणाली, "मागून ढकलणारे कोणी असले, की चढ जाणवत नाही."

त्या पाच तासांत तिला एकदाही मळमळले नाही. उटीला उतरल्यावर प्रथम ती इंजिन पाहायला गेली. पण कुन्नूरला ते बदलून डिझेलचे लागले होते. तेव्हा परतताना कुन्नूरला उतरून वाफेचे इंजिन पाहायचे, असे तिनेच ठरवले. यंदा मतदान घ्यावे लागले नाही.