पोथीच्या गावातले विद्यापीठ

कलबुर्गीहून आळंदला जाताना वाटेत कडगंची लागते. इथे उतरणाऱ्यांत पाठीला सॅक लावलेली मुले-मुली असतात. त्यांना कर्नाटक केंद्रीय विद्यापीठात जायचे असते. गाणगापूरचे दर्शन करून आलेली मंडळीही इथे उतरतात आणि गावातल्या दत्तमंदिराची वाट धरतात, कारण ‘गुरुचरित्र’ रचणारे सरस्वती गंगाधर या गावचे. विद्यापीठ २००९ सालच्या केंद्रीय विद्यापीठ कायद्यातून उभे राहिले, ग्रंथ सोळाव्या शतकातला. दोन्ही एकाच गावच्या नावाने ओळखले जावेत, हा योगायोग असेल. पण त्याचे चीज करायचे तर कोणाला तरी हात घालावा लागेल.

गुरुचरित्र मराठी घरांना नवे नाही. सात दिवसांचा सप्ताह, त्याचे सोवळे, समाप्तीचा नैवेद्य हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर पोथी उघडून बसलेली माणसे कोणत्याही महिन्यात दिसतात. मात्र ग्रंथ कोणी, कोणत्या भाषेच्या घरात बसून लिहिला, हे पारायण करणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. ज्यांचे चरित्र या ग्रंथात आहे, त्या नृसिंह सरस्वतींचे शिष्य सायंदेव साखरे. त्यांचा मुलगा नागनाथ, त्याचा देवराव, त्याचा गंगाधर आणि गंगाधरांचा सरस्वती, अशी ही पाचवी पिढी. घरात बोली कानडी. मराठी आपली भाषा नव्हे याची जाणीव ठेवून, गुरूची आज्ञा म्हणून या कवीने मराठी ओवी हाती घेतली. आज महाराष्ट्रात ज्या मोजक्या ग्रंथांची घरोघरी पारायणे होतात, त्यांतला एक असा कानडी घरात जन्मला आहे.

याची खूण ग्रंथातच आहे. एकेचाळिसाव्या अध्यायात सायंदेव गुरूंची स्तुती करतो, ती कानडी पदांत. पुण्या-मुंबईची, नाशिकची माणसे सप्ताहात ही पदे श्रद्धेने म्हणतात, अर्थ न कळता म्हणतात. संशोधनाच्या दृष्टीने अडचण इथूनच सुरू होते. कानडीत ऱ्हस्व ‘ए’ वेगळा, दीर्घ ‘ए’ वेगळा; ‘ओ’चेही तसेच. मराठी देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा. म्हणजे कानडी शब्द बाळबोध लिपीत उतरला की त्यातला एक भेद तिथल्या तिथे गळून पडतो. त्यात नक्कल करणारा लेखनिक कानडी न जाणणारा असेल, तर शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हेही त्याला कळत नाही. तो अक्षरे जोडत जातो. पुढे छापखान्यात खिळे जुळवणारा तीच जोडाजोड कायम करतो. या पदांतला शब्द न्‌ शब्द पुन्हा जागेवर बसवायचा, तर जुनी कानडी वाचणारा माणूस हवा. भोवतीच्या ओव्यांचा अर्थ लावायला जुनी मराठी वाचणाराही हवा. दोन माणसे नकोत. ही दोन्ही कामे करणारा एकच माणूस हवा. एका ओळीचा निर्णय दुसऱ्या ओळीवर अवलंबून असतो.

पाठचिकित्सा म्हणतात ती हीच. एका ग्रंथाच्या जमतील तेवढ्या हस्तलिखित पोथ्या समोर ठेवायच्या, ओवी ओवीशी ताडून पाहायची, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली याचा वंशवृक्ष मांडायचा आणि मग कवीच्या जवळचा पाठ कोणता ते ठरवायचे. गुरुचरित्राच्या पोथ्यांत अध्यायांची संख्याही एक नाही. कुठे ५१, कुठे ५२, अवतरणिका धरून ५३. रा. चिं. ढेरे यांनी दत्त संप्रदायाच्या इतिहासाची मांडणी करताना या सीमेवरच्या कानडी-मराठी मिसळणीकडे जाणत्यांचे लक्ष ओढले. ढेऱ्यांचे काम पुढे नेणारा अभ्यासक कुठून यायचा? माझ्या मते तो आळंद, औराद, भालकी, बसवकल्याण इथूनच यायला हवा. इथल्या मुलाच्या घरी मराठी, बाजारात कानडी आणि शेजारी दखनी उर्दू असते. दुसरीकडचा विद्यार्थी ज्यासाठी दोन वर्षे क्लास लावेल, ते याला अंगणात मिळालेले असते. पण हे आपले भांडवल आहे, असे त्याला कोणी सांगत नाही. उलट शाळेत एक भाषा सोडून दुसरी धरण्याचाच ताण त्याच्यावर असतो.

या भागात शिकण्याची भाषा राज्यकर्त्यांबरोबर बदलत आली. चित्तापूरजवळच्या नागावीला, म्हणजे नागईला, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी घटिकास्थान, म्हणजे उच्च शिक्षणाचे केंद्र, होते. १०५८ सालच्या शिलालेखात त्याची व्यवस्था कोरलेली आहे. वेदांचे २०० विद्यार्थी, शास्त्रे शिकणारे पन्नासएक, वेदांना तीन आचार्य, शास्त्रांना तीन, आणि सहा ‘सरस्वती भांडारिक’, म्हणजे ग्रंथपाल. जितके आचार्य तितकेच ग्रंथ सांभाळणारे! आजच्या कोणत्याही महाविद्यालयाने हा आकडा आपल्या ग्रंथालयाशी ताडून पाहावा. भीमेपलीकडे इंडी तालुक्यातल्या सालोटगीला तर त्याहून जुनी, ९४५ सालच्या लेखातली पाठशाळा. तिथे विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी घरे होती, दिवाबत्तीसाठी जमीन तोडून दिली होती, आणि गावकऱ्यांनी लग्नकार्यात पाठशाळेला ठरावीक रक्कम द्यायची, मुंजीत त्याच्या निम्मी, असा नेम होता. गावाने आपल्या कार्यातून शाळा चालवायची ही रीत हजार वर्षांपूर्वी याच नदीकाठी होती.

मग बहामनी आले. बीदरला महमूद गवानने १४७२ मध्ये मदरसा बांधला. निळ्या-हिरव्या टाइलांनी मढवलेली त्याची दर्शनी भिंत आजही अर्धी उभी आहे. उरलेला भाग औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटात गेला. तिथे अरबी-फारसी शिकवली जाई. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, ते उर्दू माध्यमाचे. त्याआधी १९०७ मध्ये गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, नूतन विद्यालय सुरू झाले होते. संस्कृत, फारसी, उर्दू, मग इंग्रजी आणि कानडी. वर्ग बदलले, तरी घराघरांतली बोली जागची हलली नाही.

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली. बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे गेले. उरलेल्या जिल्ह्याचा मोठा भाग आणि गुलबर्ग्याचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात आला. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने १९७० मध्ये गुलबर्ग्यात पदव्युत्तर केंद्र उघडले आणि १९८० मध्ये त्याचेच गुलबर्गा विद्यापीठ झाले. तिथे कन्नड, हिंदी, उर्दू-फारसी, संस्कृत यांच्याबरोबर मराठीचाही विभाग आहे, हे सीमेपलीकडच्या किती जणांना माहीत असेल? बीदरची मुले मात्र अजूनही पुष्कळदा उदगीरकडे वळतात. २०२२ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ज्या उदयगिरी महाविद्यालयात भरले, तिथे मराठीतून शिकता येते आणि गाव जवळ पडते.

आता वाटा कोणत्या, ते नीट समजून घ्यायला हवे. आईबापांपर्यंत ही माहिती पोहोचत नाही. घटनेच्या ३७१(जे) कलमाने कल्याण कर्नाटकच्या, म्हणजे बीदर-कलबुर्गी भागातल्या, जिल्ह्यांना विशेष दर्जा मिळाला आणि २०१३च्या आदेशाने या भागातल्या राज्य शासनाच्या अखत्यारीतल्या शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांना राखल्या गेल्या. स्थानिक कोण, हे जन्म आणि रहिवास यांवर ठरते, मातृभाषेवर नाही. औरादच्या मराठी घरातली मुलगी आणि शहापूरच्या कानडी घरातला मुलगा इथे सारखेच. केंद्रीय विद्यापीठाची पदवी प्रवेशपरीक्षा, सीयूईटी, १३ भाषांत देता येते, त्यांत मराठीही आहे आणि कानडीही. आत गेल्यावर शिकवणे बहुतांशी इंग्रजीत, त्याची तयारी वेगळी करावी लागते. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांत काही जागा ठेवल्या आहेत, तिकडे धाव घेणारे पुष्कळ. भाषा आणि इतिहास शिकायला मात्र हुशार मूल फिरकत नाही, आणि घरचेही ‘त्यात काय ठेवलंय?’ म्हणून वळवतात.

त्यात केवढे ठेवलेले आहे, हे दाखवून देणे विद्यापीठांच्या हातात आहे. मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराचे गाव म्हणून ओळखले जाणारे मर्तूर कलबुर्गी जिल्ह्यात. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे इथलेच मळखेड. मराठीचे अभ्यासक कानडी वाचत नाहीत आणि कानडीचे अभ्यासक मराठी पोथी आपली मानत नाहीत, या दोन्ही सवयींनी सीमेवरचे बरेच साहित्य मधल्या मध्ये बेवारस राहिले आहे. सीमावादाचा निकाल लागायचा तेव्हा लागो. गुरुचरित्राच्या पाठाला तोवर थांबवून ठेवण्याचे कारण नाही. गुलबर्गा विद्यापीठाचा मराठी विभाग आणि कडगंचीचे केंद्रीय विद्यापीठ यांनी मिळून दोन भाषांतला एक अभ्यासक्रम आखला, त्यात जुनी मराठी, जुनी कानडी, मोडी आणि जोडीला थोडी फारसी घातली, तर त्याला विद्यार्थी याच तालुक्यांतून मिळतील.

पहिले काम यादीचे. कडगंचीत जपलेली गुरुचरित्राची पोथी मूळ प्रत मानली जाते. तिच्यासारख्या पोथ्या मठांत आणि जुन्या घरांत आणखीही असतील. प्रत्येकीची नोंद हवी: पाने किती, कागद कसला, लिपी बाळबोध की मोडी, शेवटच्या पानावर लेखनिकाने आपले नाव, गाव, शक लिहिला आहे का, एकेचाळिसाव्या अध्यायातली कानडी पदे आहेत की गाळली आहेत. पोथी घरच्या देव्हाऱ्यातून हलवायची नाही. मालकाच्या परवानगीने, त्याच्यासमोर, सोवळ्याचा मान राखून पान पान टिपून घ्यायचे आणि एक प्रत त्याच्या हाती द्यायची. हे काम घरच्यांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणाऱ्यानेच करावे. परका माणूस कॅमेरा घेऊन दारात उभा राहिला, तर पोथी बाहेर येत नाही. कडगंची, गाणगापूर, आळंद आणि बसवकल्याण एवढ्याच ठिकाणांपासून सुरुवात केली, तरी पीएच.डी.ला लागणारी किमान तीन वर्षे या एका यादीत सहज जातील.