न सांगण्यातलं शहाणपण

लहानपणी आमच्या घरी अब्बांचे एक स्नेही येत. शिंपीकाम करायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. रोज पहाटेची नमाज झाली की ते डोळे मिटून जिक्र करत बसत, म्हणजे अल्लाहचं नाव श्वासाबरोबर मनात घोळवत. मोहल्ल्यात बोललं जायचं, की चाचांना बरंच काही दिसतं. एकदा मी धीर करून विचारलं, "चाचा, डोळे मिटल्यावर तुम्हाला काय दिसतं?" सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणाले, "आँख मूंदे तो क्या दिखता बेटा? अंधेराच दिखता. जा, पढाई कर."

मला राग आला होता. वाटलं, म्हातारा काहीतरी लपवतोय. आज पन्नाशी उलटल्यावर वाटतं, ते मला सांभाळत होते.

ध्यान शिकायला जाणाऱ्या अनेकांना असाच अनुभव येतो. प्रकाश कधी दिसतो, कुंडलिनी कधी जागी होते, मागचा जन्म कळतो का, असं विचारलं की चांगला शिक्षक विषय बदलतो. "श्वासाकडे लक्ष द्या," एवढंच म्हणतो. विचारणारा हिरमुसतो. या टाळण्याला फार जुनी परंपरा आहे आणि तिला कारणंही आहेत.

बौद्धांच्या विनयपिटकात एक हकिकत आहे. वज्जींच्या प्रदेशात दुष्काळ पडला होता. भिक्षा मिळेना. तेव्हा वग्गुमुदा नदीकाठच्या काही भिक्खूंनी एक युक्ती काढली. ते गृहस्थांपुढे एकमेकांची स्तुती करू लागले. हा ध्यानात पारंगत, त्याला अलौकिक ज्ञान! भाबड्या लोकांनी आपल्या आणि बायकापोरांच्या तोंडचा घास काढून त्यांना दिला. पुढे सगळे भिक्खू बुद्धांना भेटायला आले, तेव्हा बाकीचे वाळून गेलेले आणि हे मात्र गुटगुटीत. बुद्धांनी त्यांना खडसावलं आणि नियम केला: असा खोटा दावा करील, तो संघाबाहेर. इतकंच नव्हे, असा अनुभव खरा आला असला, तरी तो गृहस्थांना सांगणं हाही दोष ठरला. दावा खोटा असो की खरा, ऐकणाऱ्याच्या घरातली चूल विझू शकते, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरं कारण मोहाचं. पतंजलींच्या योगसूत्रांत सिद्धींसाठी एक अख्खा पाद खर्ची पडला आहे, पण तिथेच बजावलं आहे, की समाधीच्या वाटेवर या सिद्धी म्हणजे अडथळे होत. सूफींचंही म्हणणं वेगळं नाही. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतलं बोलणं त्यांचे मुरीद कवी अमीर हसन सिज्जी यांनी 1308 पासून टिपून ठेवलं. हे हसन पुढे आपल्या दख्खनेत आले. वेरूळजवळ खुलताबादला त्यांची कबर आहे. त्यांनी टिपलेल्या त्या बोलण्यात असं येतं, की या वाटेवर शंभर मुक्काम आहेत आणि करामत, म्हणजे चमत्कार, हा त्यातला सतरावा. तिथेच जो रमला, तो उरलेले त्र्याऐंशी कधी गाठणार?

तिसरं कारण साधं, रोजच्या अनुभवातलं आहे. एखाद्याला आधीच सांगितलं, की विसाव्या दिवशी निळा प्रकाश दिसेल, तर तो विसाव्या दिवशी निळा प्रकाश पाहतोच. मन मोठं आज्ञाधारक असतं. मग खरं काय आणि ऐकीव काय, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. दिसलं नाही, तर तो स्वतःला नालायक समजतो.

पण प्रत्येक मौन शहाणपणाचंच असतं असं नाही. माझा कॉलेजातला एक मित्र अशाच एका गुरूच्या नादी लागला. तिथेही गुप्तता होती. प्रत्येक पायरीचे पैसे वेगळे आणि "घरी बोलायचं नाही" अशी ताकीद. तो रात्र रात्र बसू लागला. झोप उडाली, कानात आवाज येऊ लागले. गुरूला सांगितलं, तर उत्तर मिळालं, "प्रगती आहे, बसत राहा." शेवटी त्याच्या बायकोने मंगळसूत्र गहाण ठेवलं आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. आज तो बरा आहे. पण अजूनही अंधारात एकटा बसायला घाबरतो.

ध्यानाने काहींना त्रास होऊ शकतो, हे आता अभ्यासकही मांडतात. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी ध्यान करणाऱ्या 60 जणांच्या सविस्तर मुलाखती घेऊन 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती, निद्रानाश, भास असे अनुभव नोंदले आहेत. हे मात्र शिक्षकाने आधी सांगायलाच हवं.

ज्ञानेश्वरांचं उदाहरण मला इथे मोलाचं वाटतं. गुरुपरंपरेनं जपलेली कुंडलिनीची गोष्ट त्यांनी सहाव्या अध्यायात उघडपणे मराठीत सांगितली. पण बाराव्या अध्यायात योगाची ती वाट किती खडतर आहे, तेही सांगितलं आणि भक्तीची वाट दाखवली. ज्याने गुपित खुलं केलं, त्याने वाटेतले काटेही दाखवले.

तेव्हा मौन खरं की खोटं, हे ओळखायचं कसं? मला एक खूण सापडली आहे. खरा शिक्षक आपल्या शक्तीविषयी गप्प असतो आणि धोक्यांविषयी बोलतो. खोटा नेमकं उलट करतो. खऱ्याच्या गप्प बसण्यामागे कसलीही किंमत लावलेली नसते. त्रास झाला, तर तो म्हणतो, थांब, झोप, डॉक्टरला दाखव. खोट्याच्या मौनाला दर असतो. 2013 साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या नावाने फसवणूक झाली, तर त्याचा आधार आहे. पण कायद्याकडे जाण्याआधी घरच्यांशी बोलणं अधिक सोपं. "घरी सांगू नकोस" म्हणणाऱ्याच्या दारातून तिथल्या तिथे परत फिरावं.

चाचा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांना काय दिसत होतं, ते मला कधीच कळलं नाही. पण त्यांनी शिवलेले कपडे मापात असत, उधारी राहिली तर ते मागायला येत नसत आणि कुणावर आवाज चढवत नसत. डोळे मिटून त्यांनी जे मिळवलं, ते डोळे उघडल्यावर आम्हा सगळ्यांना दिसत होतं. ते वेगळं सांगायची गरजच नव्हती.