गिटारची जाड तार बेसूर वाजतेय? दुरुस्तीला नेण्याआधी घरीच हे करून बघा

लग्नसराई आली की ऑर्केस्ट्रातल्या पोरांची एक तक्रार ठरलेली. इलेक्ट्रिक गिटारची सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर सुरात, पण वरच्या फ्रेटवर दाबली की बेसूर! स्टेजवर फजिती होण्याआधी हे तपासा.

१) तार जुनी, गंजलेली असेल तर आधी बदला. खराब तार कितीही जुळवा, सुरात येत नाही.

२) मोबाईलच्या ट्यूनर ॲपवर मोकळी तार ‘ई’ला लावा. मग १२व्या फ्रेटवर हलक्या हाताने दाबून वाजवा. तोच ‘ई’ एक सप्तक वर, बरोबर यायला हवा.

३) सूर चढा आला तर तार सैल करून ब्रिजवरचं त्या तारेचं सॅडल स्क्रूने मागे, नेकपासून लांब न्या. उतरा आला तर नेककडे सरकवा. दरवेळी तार पुन्हा जुळवून मगच तपासा.

४) तरीही जमेना? पिकअप फार जवळ असेल तर त्याचं चुंबक जाड तारेला ओढतं आणि सूर बिघडतो. पिकअप थोडा खाली घ्या.

स्क्रू थोडा थोडाच फिरवा, घाई करू नका. आणि हे काम कार्यक्रमाच्या दिवशी नको, दोन दिवस आधीच उरका.