क्वीन

क्वीन : स्वरसंवादी समूहगायनासाठी ख्यातनाम झालेला ब्रिटिश रॉक वाद्यवृंद. स्थापना लंडन येथे १९७० मध्ये. ब्रायन मे (गिटार), रॉजर टेलर (ड्रम) व फ्रेडी मर्क्युरी (प्रमुख गायक, पियानो) यांना १९७१ मध्ये जॉन डीकन (बेस गिटार) येऊन मिळाला.

मर्क्युरी (५ सप्टेंबर १९४६ – २४ नोव्हेंबर १९९१) याचे मूळ नाव फरोख बलसारा. त्याचा जन्म झांझिबार येथे पारशी कुटुंबात झाला. सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो पियानो शिकला, गायकवृंदात गाऊ लागला व ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात सामील झाला. झांझिबारमधील क्रांतीनंतर १९६४ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेले. त्याच्या गायनात रागसंगीताची मुळे शोधण्याचा मोह आपल्याकडे होतो; तथापि त्याला फारसा आधार नाही. पाचगणीचे ऋण असलेच, तर ते अनेकांच्या स्वरांत आपला स्वर मिसळण्याच्या सवयीचे असावे.

रागसंगीतात स्वर एकापाठोपाठ येतात. स्वरसंवादात भिन्न उंचीचे स्वर एकाच वेळी उमटतात. ‘बोहेमियन रॅप्सडी’ (१९७५) या सुमारे सहा मिनिटांच्या गीतातील ऑपेरासदृश भागात टेलर उंच, मर्क्युरी मधले व मे खालचे स्वर गातो. गाणारे तिघेच, परंतु चोवीस पट्ट्यांच्या ध्वनिफितीवर तेच आवाज पुनःपुन्हा मुद्रित करून त्यांचे थरावर थर चढविल्यामुळे मोठा गायकवृंद गात असल्याचा भास होतो. अशी मुद्रणे सुमारे १८० झाली आणि फितीचा लेप झिजून ती पारदर्शक झाली, असे सांगतात. ब्रिटनमध्ये हे गीत नऊ आठवडे अग्रस्थानी होते.

रंगमंचावर मात्र हा भाग गाता येत नसे. त्या वेळी ध्वनिफीत लावून वादक आत निघून जात. ही उणीव त्यांनी लपविली नाही. पुढे ‘वी विल रॉक यू’ (१९७७) या गीताचा ठेका त्यांनी श्रोत्यांच्या पायांवर व टाळ्यांवरच सोपविला. आजही क्रीडांगणांवर तो ऐकू येतो. वेम्बली येथील ‘लाइव्ह एड’ (१३ जुलै १९८५) या कार्यक्रमात मर्क्युरीने एकेक आलाप घ्यावा आणि हजारोंच्या समुदायाने तो परतवावा, असा प्रकार घडला.

मर्क्युरीच्या मृत्यूनंतर ‘बोहेमियन रॅप्सडी’ पुन्हा अग्रस्थानी आले. डीकन १९९७ च्या सुमारास निवृत्त झाला. मे व टेलर यांनी २०११ पासून अ‍ॅडम लँबर्ट या अमेरिकन गायकासह कार्यक्रम केले आहेत.