उरलेले तीस

प्रयोगशाळेत काम करणारी एक मैत्रीण सांगत होती, बीकरवर क्रमांक कोरून देणारे मामा दर वेळी कुरकुरतात: खिडकीच्या काचेपेक्षा ही काच फार वेळ खाते. घड्याळ लावून नव्हे, हाताला जाणवतं म्हणून. ते ऐकून मी भोसरीतल्या त्यांच्या शेडमध्ये गेले.

काचेवर स्टेन्सिल चिकटवायची, पेटीत ठेवायची, हातमोज्यांतून नोझल धरून हवेच्या दाबानं ग्रिट, म्हणजे टोकदार कण, मारायची. मधूनमधून मामा पेटी उघडतात आणि खाच अंगठ्यानं चाचपतात. माझी नजर सारखी त्या अंगठ्याकडेच जात होती.

‘‘ताई, खिडकीची काच म्हणजे शंभरात सत्तर वाळूच,’’ ते म्हणाले. ‘‘फरक उरलेल्या तीसचा.’’

त्या तीसमध्ये मुख्यतः सोडा आणि चुना. सोड्यामुळे वाळू कमी तापमानाला वितळते. पण सिलिकॉन-ऑक्सिजनची गुंतलेली जाळी त्याच सोड्यातल्या सोडियममुळे जागोजागी तुटते. टोकदार कण आदळला की तिथली काच दाबाखाली सरकते आणि आत ताण अडकून राहतो. पुढचं मला फार विलक्षण वाटलं. कण मागे उसळू लागला की तो ताण वाट शोधतो, पृष्ठभागाखाली आडव्या भेगा पसरतात, वर वळतात आणि खपली उडते. खपली निघते ती मार बसताना नव्हे, मार सरताना.

बीकरच्या बोरोसिलिकेट काचेत वाळू सुमारे ८० टक्के, बोरॉन ऑक्साइड १२-१३ आणि सोडा जेमतेम ४. ही जाळी पोकळ, पण जास्त सलग. आघाताखाली ती सरकण्यापेक्षा बरीचशी दबून घट्ट होते. अडकलेला ताण कमी, म्हणून खपल्याही कमी. मामांच्या अंगठ्याला हे केव्हाच कळलं होतं.

शिसं घातलेल्या क्रिस्टलच्या वाडग्याला ते हवेचा दाब उतरवतात. ती काच मऊ. टफन काच खोल कोरायला घेतच नाहीत. तिच्यातले तीस खिडकीच्या काचेचेच, ओरखडेही तसेच पडतात. ताकद आहे ती पृष्ठभागावर कोंडलेल्या दाबाची. तो थर ओलांडला की अख्ख्या काचेचा चुरा. म्हणून आधी कोरायचं, मग भट्टीत द्यायचं.

पेटीत आता ग्रिट म्हणून ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं. तरुणपणी मामांनी तोंडाला रुमाल बांधून उघड्यावर वाळूच मारली. त्या धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. ब्रिटननं वाळूचा असा वापर १९४९च्या नियमांनी बंद केला. आपल्याकडे रुमालावर भागवणारी पोरं अजून दिसतात, आणि मला संताप येतो. मामांकडे शिकायला येणाऱ्याच्या हातात पहिल्या दिवशी काच पडत नाही. पेटीच्या दाराचं रबर कुठे फाटलंय का, हे आधी तपासायचं.